पहिल्या हाकेचा नियम

कपड्यांना कडक इस्त्री करते म्हणून लॉन्ड्रीतल्या बायकांनी तिला कडकताई म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव स्वभावालाही असं काही बसलं की घरात थोरली नणंदसुद्धा तिला तेच म्हणू लागली. ही बाई कुणाला घाबरलेली कुणी पाहिली नव्हती. मुकादमाला नाही, बॉयलरला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तो बिचारा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. पण सध्या ती मनातून घाबरली होती. समोरचा चहा गार व्हायचा, इस्त्रीखाली चादर जास्त वेळ राहून पिवळी पडायची. रविवारी परीक्षा होती. तिची नव्हे, तिच्या कुत्र्याची, ढब्बूची. आणि ढब्बू नापास होणार हे घराबाहेर अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

ढब्बू म्हणजे लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात, बॉयलरच्या उबेला कुणीतरी सोडून गेलेलं पिल्लू. अंगाने पांढराशुभ्र, एका डोळ्याभोवती काळं कडं, आणि खाण्याच्या बाबतीत कुणाचंही मन न मोडणारा. मागच्या उन्हाळ्यात तो गळ्यातला पट्टा सोडवून भर रस्त्यात जाऊन बसला होता. ट्रकवाला भोंगा वाजवून थकला, कडकताई घसा फोडून ओरडली, पण हा आपला पाठमोरा बसून पंजा चाटतोय. ट्रक हातभर अंतरावर कसाबसा थांबला. कोपऱ्यावरचे रिकामटेकडे म्हणाले, काय बेडर कुत्रं आहे. कडकताई तिथेच फुटपाथवर बसली. त्यानंतर ढब्बूच्या गळ्यातली साखळी कधी सुटली नाही. तो दारात बसून पळणारी पोरं बघायचा आणि मधूनच उसासा टाकायचा. कुत्र्याचा उसासा म्हटलं की लोक हसतात. तिला मात्र तो ऐकवत नसे.

म्हणून तिने मैदानाचं खूळ डोक्यात घेतलं. वस्तीच्या टोकाला पाण्याच्या जुन्या टाक्यांची जागा होती. टाक्या केव्हाच पाडल्या होत्या, उरला होता राडारोडा आणि कमरेएवढं गवत. तिथे उंच जाळीचं कुंपण घालायचं, एकामागे एक अशी दोन फाटकं करायची, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं बंद, आणि आत गेलं की साखळी सोडायची. जनावर पळेल, रस्ता मात्र बाहेर राहील. तिने घरोघर जाऊन कुत्रेवाले गोळा केले. दातांच्या डॉक्टरांना अध्यक्ष केलं, कारण त्यांच्याकडे भरपूर केसांचा मोठा कुत्रा होता आणि बोलणंही भरपूर होतं. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून विटांचे तुकडे वाहिले, खांबांसाठी खड्डे खणले, जाळी ताणली. डॉक्टरांच्या हाताला फोड आले तेव्हा त्यांनी ते वस्तीभर दाखवले.

हरकत घेतली ती हेडबाईंनी. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मैदानाला लागूनच राहायच्या. त्यांच्या पोटरीचा लचका एका कुत्र्याने तोडला होता, तेव्हापासून काठी हाती आली ती सुटली नाही. त्यांनी पालिकेत अर्ज केला, आणि पालिकेचे साहेब सभेला आले. साहेबांनी सरळ सांगितलं की बाईंची हरकत राहिली तर कुंपण काढावं लागेल, जागा कचऱ्याच्या गाड्या उभ्या करायला जाईल. सभेत सगळे एकदम बोलू लागले. तेव्हा कडकताई उभी राहिली.

"बाई, तुमची भीती खोटी नाही," ती म्हणाली. "आपण नियमच करू. जो कुत्रा मालकाच्या पहिल्या हाकेला येईल, तोच आत मोकळा सोडायचा. साहेबांसमोर परीक्षा घ्या. आणि सुरुवात माझ्या ढब्बूपासून करा."

टाळ्या पडल्या. हेडबाईंनी मान हलवली, साहेबांनी रविवार ठरवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी कडकताई ताठ मानेने घरी गेली.

दोनच दिवसांनी ती दोरीवरचे वाळलेले कपडे दोन्ही हातांवर घेऊन घरात आली. ढब्बू दारातच पाठमोरा आडवा पडला होता.

"सरक रे," ती म्हणाली. तो हलला नाही. "ढब्बू, ऊठ." नाही. तिने पायाने चाचपडत वाट काढली, तेवढ्यात कोपर लागून ओट्यावरचं पातेलं खाली आलं. आवाज असा झाला की मोरीतून नणंद ओरडली आणि भिंतीवरचं मांजर पळून गेलं. ढब्बूने सावकाश कान खाजवला आणि पुन्हा मान टाकली.

कडकताई कपडे हातावर तसेच धरून उभी राहिली. मग तिने पातेलं उचललं आणि त्याच्या डोक्यामागे पुन्हा एकदा आपटलं. मग आणखी एकदा. नणंद केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि भावजयीला वेड लागलं की काय, या नजरेने बघत राहिली.

जनावरांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, जन्मापासून बहिरा आहे. "आणि इतकी वर्षं तुम्हाला कळलं नाही?" असंही विचारलं.

चूक झाली होती ती लॉन्ड्रीत. तिथली इस्पितळाच्या चादरी धुणारी यंत्रं सुरू झाली की शेजारच्या बाईच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथे सगळा कारभार हातांनी चालतो. हात उंच करून पंजा आपल्याकडे ओढला की 'ये'. दोन मुठी छातीवर एकमेकींवर ठेवल्या की 'थांब'. खांद्यावरून बोट फिरवलं की 'मागे बघ, ओल्या कपड्यांची ट्रॉली येतेय'. त्या अंगणात वाढलेल्या पिल्लाशी कुणी तोंडाने बोललंच नव्हतं. आणि घरीसुद्धा कडकताईला तोंडाबरोबर हात हलवल्याशिवाय बोलता येत नसे. तुझे हात बांधले तर तू मुकी होशील, असं नणंद नेहमी म्हणायची. कुत्रा हाताला येत होता आणि ती समजत होती की हाकेला येतोय. दुसऱ्या कुठल्याही घरात ही गोष्ट आठवड्याभरात उघडी पडली असती.

मग तिला तो ट्रक आठवला. तो बेडर नव्हता. त्याला भोंगा ऐकूच आला नव्हता. त्या विचाराने तिची झोप उडाली. असा कुत्रा जन्मात कधी उघड्यावर सोडता येणार नाही. त्याला पळायला कुंपणाच्या आतली जागा तेवढी एकच, आणि तिथल्या फाटकावर तिने स्वतःच्या हाताने कुलूप लावलं होतं.

"साहेबांना सांगून टाकते," ती नणंदेला म्हणाली.

"सांग की. म्हणजे पहिलाच कुत्रा बाद. मग साहेब म्हणतील, नियम करणारीचाच असा, तर बाकीच्यांचं काय. उद्या तिथे कचऱ्याच्या गाड्या येतील. इतक्या लोकांनी दगड वाहिले ते काय व्यायाम म्हणून?"

"मग काय करू, वन्सं?"

"मूग गिळून गप्प बस. रविवारचं मी बघते."

रविवारपर्यंतचे दिवस कडकताईने कसे काढले ते तिलाच माहीत. दातांचे डॉक्टर रस्त्यात भेटले की म्हणायचे, "ताई, आमची सगळी भिस्त तुमच्या ढब्बूवर," आणि तिला वाटायचं की यांना संशय आलाय. हेडबाई खिडकीत दिसल्या की ती ढब्बूला घेऊन पलीकडच्या गल्लीने जायची. कुणी मागून त्याला 'यू यू' केलं की ती घाईने मध्ये उभी राहायची. चोराच्या मनात चांदणं. अंथरुणात पडल्या पडल्या ती परीक्षा पुन्हा पुन्हा बघायची, आणि दर वेळी ढब्बू पाठमोराच बसलेला असायचा.

रविवारी सकाळी सगळी वस्ती कुंपणाशी जमली. कुत्रेवाले साखळ्या आखडून धरून ओळीने उभे होते, कुत्री एकमेकांवर गुरगुरत होती. साहेबांसाठी डॉक्टरांच्या दवाखान्यातली खुर्ची आणली होती. हेडबाई आतल्या फाटकाशी, काठी दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. समोरच्या कुंपणापलीकडे लॉन्ड्रीतल्या चार बायका नणंदेबरोबर येऊन उभ्या राहिल्या, जशा काही गंमत बघायला आल्या होत्या.

डॉक्टरांनी ढब्बूला मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं, तोंड कुंपणाकडे करून बसवलं, साखळी सोडली आणि ते बाजूला झाले.

"हात मागे घ्या," साहेब कडकताईला म्हणाले. "लोक बिस्किटं दाखवून बोलावतात. आपल्याला हाक हवी, लाच नको."

लोक हसले. कडकताईने हात मागे बांधले. ढब्बूची पांढरी पाठ लांबवर दिसत होती, आणि तिने हाक मारली. कुंपणापलीकडे चार हात एकदम वर गेले आणि चार बोटं खांद्यांवरून मागे फिरली. ढब्बूने त्या बायकांकडे पाहिलं, मान वळवली, कडकताई दिसली, आणि तो जो सुटला तो कान हलवत, पोट सावरत थेट तिच्या पायांवर येऊन आदळला.

टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनी शिट्टी मारली. "याला म्हणतात शिस्त," साहेब म्हणाले. कडकताई खाली बसून ढब्बूच्या मानेत बोटं खुपसून राहिली. झालं होतं. सुटलो होतो. पण सुटल्यासारखं वाटत नव्हतं, आणि ते का हे तिला कळेना.

हेडबाई हळूहळू चालत तिच्याजवळ आल्या. कुत्र्यापासून चार हात लांब थांबल्या.

"मी हरकत मागे घेते," त्या म्हणाल्या. "फक्त एक विचारायचंय. माझी नात रोज या कुंपणाच्या कडेने क्लासला जाते. उद्या कुणी फाटक उघडं टाकलं आणि कुत्रा तिच्या अंगावर गेला, तर तिने काय करायचं? नुसतं 'थांब' म्हणून ओरडली तर हा थांबेल ना? म्हणजे मी तिला तसं शिकवून ठेवते."

कडकताईने वर पाहिलं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पलीकडून नणंद तिच्याकडे बघत होती. बाई उत्तराची वाट बघत होत्या. आयुष्यभर पोरांना शिकवलेल्या त्या बाई, घरी जाऊन नातीला हेच शिकवणार होत्या, आणि ती पोर ओरडत राहिली असती.

"नाही थांबणार, बाई," कडकताई म्हणाली. "त्याला ऐकू येत नाही."

"अहो, काय बोलताय? आत्ता तर आला," डॉक्टर पुढे झाले.

"तो हाकेला नाही आला. त्या बायकांनी मागे बघ म्हणून खूण केली. तो बहिरा आहे. मला मागच्या आठवड्यात कळलं आणि मी गप्प बसले."

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यासमोर नाटक केलंत," ते म्हणाले. ओळीतून कुणीतरी पुटपुटलं की झालं होतं ना सगळं, आता काय गरज होती. डॉक्टर तिच्याकडे बघेनात; त्यांनी घाईघाईने साहेबांना सांगितलं की हा एकट्या बाईंचा प्रश्न आहे, बाकीची कुत्री एकदम व्यवस्थित ऐकतात. साहेब म्हणाले, नियम तुमचाच आहे, त्याला बाहेर घ्या. आणि कुंपणापलीकडच्या बायकांना आधी हटवा.

तिने साखळी अडकवली, दोन्ही फाटकं ओलांडली आणि बाहेर दगडावर बसली. नणंद शेजारी येऊन उभी राहिली आणि डॉक्टरांच्या पूर्वजांपासून सुरुवात करून शिव्या घालू लागली.

मग बाकीच्यांच्या परीक्षा झाल्या. डॉक्टरांचा कुत्रा तिसऱ्या हाकेला आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आज जरा लाजतोय. एकीचा आला, पण तिच्या जवळून पुढे निघून गेला. एक तर खांबापाशीच रमला. ऊन चढलं होतं, साहेबांनाही घरी जेवायला जायचं होतं. त्यांनी सगळ्यांना पास केलं. साखळ्या सुटल्या. मैदानभर कुत्री उधळली, मालक हसू लागले, ज्यांनी दगड वाहिले त्यांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. बाहेर बसलेल्या बाईकडे कुणी बघितलं नाही. ढब्बू जाळीला नाक लावून उभा होता. त्याने उसासा टाकला, आणि कडकताईला रडू फुटलं. आपण शहाणपणा करून सगळ्या वस्तीला मैदान दिलं आणि ज्याच्यासाठी केलं तोच बाहेर राहिला, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

काठीचा आवाज आला. हेडबाई बाहेर येऊन दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"मग हा आता कुठे पळणार?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही."

"मला चावला ना, त्या कुत्र्याचा मालक फार सज्जन होता," हेडबाई म्हणाल्या. "चावायच्या आधी मला म्हणाला, 'घाबरू नका, काही करत नाही तो.' आत्ता मी आत प्रत्येकाला विचारून आले. सगळे तेच म्हणाले, 'काही करत नाही हो.' डॉक्टर तर हसून म्हणाले. मला कुत्र्यांची भीती वाटते, पण या वाक्याची जास्त वाटते. आपल्या कुत्र्याला काय जमत नाही ते सांगणारी तू एकटी निघालीस."

कडकताईने हाताने डोळे पुसले. नणंदेच्या शिव्याही थांबल्या होत्या.

हेडबाई उठल्या आणि जाळीतून त्यांनी साहेबांना हाक मारली. "साहेब, माझी हरकत मी अजून लेखी मागे घेतलेली नाही."

साहेब दचकून जवळ आले.

"दुपारी ही सगळी मंडळी जेवून झोपतात. तेवढा वेळ मैदान या कुत्र्याचं. दुसरं कुणी आत नाही, दोन्ही फाटकं बंद, ही बाई आत हजर. असं लिहा, मग मी सही करते."

"पण बाई, नियम..."

"नियम माझ्या भीतीसाठी केला होता ना? मग माझी भीती मी बघते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. हेडबाईंनी सही केली. मंडळी कुत्र्यांना घेऊन निघाली. मैदान रिकामं झालं. कडकताईने ढब्बूला आत घेतलं, आणि बघते तर मागोमाग हेडबाईही आत. त्यांनी स्वतःच्या हाताने कडी लावली.

"बाई, तुम्ही बाहेर थांबा."

"सही मी केलीय. बघायला नको?" त्यांची नजर ढब्बूवर होती. "काय करेल तो?"

"माहीत नाही," कडकताई म्हणाली. "रस्त्यावरच्या त्या दिवसानंतर आज सकाळी तेवढा सोडलेला. तेव्हा माझ्याकडे आला. आता कुठे जाईल, सांगता येत नाही."

"बरं. आणि थांबवायचं कसं?"

कडकताईने दोन मुठी छातीवर ठेवून दाखवल्या. हेडबाईंनी काठी काखेत धरून तसंच करून पाहिलं, पुन्हा एकदा केलं, आणि मान हलवली.

कडकताईने साखळीच्या कडीवर बोट ठेवलं. ज्यासाठी हे सगळं केलं ते समोर आलं होतं, आणि तिला ट्रक दिसत होता, बाईंची पोटरी दिसत होती. तिने कडी दाबली. साखळी गळून पडली तरी ढब्बू तिथेच बसून राहिला, तिच्या तोंडाकडे बघत. तिने रिकामे हात त्याला दाखवले. मग तो उठला, चार पावलं गेला, मागे वळून पाहिलं, आणखी चार गेला, आणि मग पळाला. सरळ नाही, मोठं वर्तुळ घेत, कुंपणाच्या कडेकडेने, कान मागे टाकून, पोट आहे हे विसरून. एवढ्या जोरात त्याला पळता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या फेरीला तो त्यांच्या बाजूने वळला. हेडबाईंनी तिचं मनगट धरलं, नखं रुतली.

"बोलाव त्याला," त्या म्हणाल्या. "हात वर कर."

कडकताईने हात उचलला आणि तो अर्ध्यावरच राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाई," ती म्हणाली, "आणखी थोडं पळू दे."

हेडबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. मनगट सोडलं नाही.

"पळू दे," त्या म्हणाल्या.